स्वस्त प्रोसेसरला महागाच्या वेगाने पळवायचं तर

७ जुलै २०१९ला एएमडीने रायझनच्या नव्या पिढीतले दोन प्रोसेसर एकाच दिवशी बाजारात आणले. एकाचं नाव ३६००, दुसऱ्याचं ३६००एक्स. दोघांत सहा कोअर (स्वतंत्रपणे गणित करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामं) आणि ३२ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद स्मृती). पहिल्याची किंमत १९९ डॉलर, दुसऱ्याची २४९. वरचे पन्नास डॉलर कशाचे? ३६००ची कमाल गती ४.२ गिगाहर्ट्झ, ३६००एक्सची ४.४. शिवाय एक्सवाल्याच्या खोक्यात जरा जाडजूड कूलर. बस, एवढंच.

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर कोटेशनचा कागद हातात घेऊन उभा राहिलेला माणूस इथे थांबतो आणि त्याच्या डोक्यात एक विचार येतोच: स्वस्तातला घ्यावा आणि घरी जाऊन त्यालाच ४.४वर पळवावं. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हे कधी झकास जमतं, कधी नुसता पंख्याचा आवाज वाढतो. कोणाच्या बाबतीत काय होणार हे बऱ्याच अंशी दुकानातच ठरलेलं असतं, कारण ते दोन चिपांच्या किमतीतला फरक नेमका कशाचा आहे यावर अवलंबून असतं. फरक निव्वळ गतीचा असेल तर तो घरी भरून काढता येतो. तो कोअरचा किंवा कॅशचा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यापुढे, रात्रभर बसूनही काही होत नाही. आणि मुंबईत राहणाऱ्याला या हिशेबात एक रकाना वाढवावा लागतो, उकाड्याचा.

आधी गती म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरच्या आतलं सगळं काम एका ठोक्यावर चालतं. मदरबोर्डकडून (ज्या मोठ्या सर्किटवर प्रोसेसर बसतो त्याच्याकडून) साधारण १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका येतो, त्याला बेस क्लॉक म्हणतात. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. गुणक ३६ असेल तर ३.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. गुणक ४४ केला की ४.४. वरवर पाहता ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हा एक आकडा बदलणं.

मग कंपनी तो आकडा आधीच वाढवून का देत नाही? गणपतीतलं ढोल-ताशा पथक आठवा. ताशा लय धरतो आणि प्रत्येक ढोलवाल्याला पुढचा ठोका यायच्या आत आपला ठोका पूर्ण करून हात परत वर न्यायचा असतो. लय वाढवली की बहुतेक जण निभावून नेतात, पण ज्याचा हात सगळ्यात संथ तो एकटा मागे पडला तरी सगळा ताल विसकटतो. प्रोसेसरमध्येही एका ठोक्यात सिग्नलला ट्रान्झिस्टरांची एक लांब साखळी पार करावी लागते. ४.२ गिगाहर्ट्झला एका ठोक्याचा अवधी एका नॅनोसेकंदाच्या पावभागाहून थोडा कमी असतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सात सेंटीमीटर जातो. चिपमधल्या लाखो वाटांपैकी सर्वांत संथ वाट या अवधीत पूर्ण झाली नाही, तर बेरजेचं उत्तर तयार व्हायच्या आतच पुढचं गणित सुरू होतं. परिणाम: चुकीचा आकडा, निळा स्क्रीन किंवा काळा स्क्रीन.

संथ वाटेला घाई करायची एक युक्ती आहे, ती म्हणजे व्होल्टेज वाढवणं. ट्रान्झिस्टरला जास्त व्होल्टेज मिळालं की तो लवकर उघडतो-मिटतो. म्हणून ओव्हरक्लॉकिंगमध्ये दोन आकडे जोडीने हलतात, गुणक आणि व्होल्टेज. पहिला जवळजवळ फुकट आहे. दुसऱ्याची किंमत मोजावी लागते, तिच्याकडे नंतर येऊ.

आता कंपनीच्या बाजूने बघा. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात, पण सगळ्या सारख्या निघत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर जास्त वेगाने चालतात, काहींना जास्त व्होल्टेज लागतं, काहींचा एखादा कोअर बिघडलेला असतो. कंपनी प्रत्येक चिप तपासते आणि त्याप्रमाणे नाव देते. या वर्गवारीला बिनिंग म्हणतात. यात ग्राहकाच्या फायद्याची एक गोम आहे. महाग मॉडेलचे गिऱ्हाईक थोडे, स्वस्ताचे भरपूर. कारखान्याची घडी नीट बसली आणि चांगल्या चिपा भराभर निघायला लागल्या, तरी सगळ्या काही महागाच्या नावाने खपत नाहीत. मग उत्तम चिपेवरही स्वस्त नाव छापलं जातं. शिवाय कंपनी जी गती लिहून देते ती सर्वांत वाईट परिस्थिती धरून असते: चिप तापलेली, कूलर साधा, वापर कित्येक वर्षांचा. मधलं जे अंतर उरतं ते म्हणजे ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचं कुरण.

हे कुरण सर्वांत हिरवं कधी होतं, असं विचारलं तर जुने लोक एकच उत्तर देतील. १९९८.

त्या वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. किंमत कमी ठेवायची म्हणून त्यातली एल-टू कॅश पूर्णच काढून टाकली होती. परिणामी तो इतका सुस्त निघाला की त्याची टिंगलच जास्त झाली. ऑगस्टमध्ये इंटेलने सुधारित आवृत्ती आणली, सेलेरॉन ३००ए. तिच्यात १२८ केबी कॅश होती. पेंटियम टूच्या ५१२ केबीपुढे हे काहीच नाही असं वाटेल. पण पेंटियम टूची कॅश वेगळ्या चिपांवर बसवलेली होती आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालायची. सेलेरॉनची कॅश थेट प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर होती आणि पूर्ण वेगाने धावायची. आकाराने पाव, वेगाने दुप्पट. म्हणजे कॅशच्या बाबतीत स्वस्त चिप महागाच्या जवळपास येऊन उभी राहिली होती. उरला फरक गतीचा.

सेलेरॉन ३००एचा गुणक साडेचारवर कायमचा बंद केलेला होता. बेस क्लॉक, ज्याला तेव्हा फ्रंट साइड बस म्हणत, होता ६६ मेगाहर्ट्झ. ६६ गुणिले साडेचार, म्हणजे ३००. पण त्याच वर्षी आलेले ४४०बीएक्स चिपसेटचे मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचे होते. गुणकाला हात न लावता बोर्डवर ६६ऐवजी १०० निवडलं की झाले ४५०. आणि पेंटियम टूचं तेव्हाचं सर्वांत वरचं मॉडेलही ४५०चंच होतं. त्याची किंमत ६६९ डॉलर, सेलेरॉन ३००एची १४९.

यात एक बारकावा आहे जो सहसा सांगितला जात नाही. त्या काळी हार्ड डिस्क, साउंड कार्ड वगैरे ज्या पीसीआय बसवर चालायचे तिची गती मूळ ठोक्याला भागून काढली जायची आणि ती ३३ मेगाहर्ट्झच्या आसपास राहणं गरजेचं होतं. ६६ला दोनाने भागलं की ३३. १००ला तिनाने भागलं तरी ३३. पण कोणी भीतभीत मधलाच ८३चा पर्याय निवडला, तर दोनाने भागून ४१.५ यायचे आणि डिस्कवरची माहिती खराब व्हायची शक्यता वाढायची. म्हणजे थोडी उडी धोक्याची आणि मोठी उडी सुरक्षित, असा उफराटा मामला. काही बोर्डांवर १००चा पर्यायच मिळायचा नाही. तिथे प्रोसेसरच्या बी२१ क्रमांकाच्या पिनेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे. बोर्डाला वाटायचं की १००वालाच प्रोसेसर बसवलाय.

सगळे सेलेरॉन ४५०ला पोहोचले नाहीत, पण इतके पोहोचले की त्या चिपेचं नाव आजही घेतलं जातं. पुढच्याच वर्षी अबिट कंपनीने बीपी६ नावाचा बोर्ड काढला, ज्यात असे दोन सेलेरॉन शेजारी-शेजारी बसायचे. इंटेलच्या योजनेत हे कुठेच नव्हतं.

कंपन्यांनी यातून धडा घेतला नसता तरच नवल. गुणकाला कुलूप आधीपासून होतंच, हळूहळू बाकीच्या वाटाही बुजवल्या गेल्या. २०००च्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनवर काही बारीक सांधे तोडलेले असायचे, ते शिसपेन्सिलीने रेघ मारून जोडले की गुणक मोकळा व्हायचा, कारण पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते. ही गोष्ट ऐकून आज हसू येतं, पण ती खरी आहे. २०११मध्ये इंटेलने सँडी ब्रिज पिढीत मूळ ठोका बाकीच्या यंत्रणेशी असा बांधून टाकला की तो चार-पाच टक्क्यांहून जास्त हलवला की गडबड सुरू. तेव्हापासून इंटेलमध्ये सहसा नावापुढे ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड घेतला तरच गुणक हलतो. दोन्ही महाग. म्हणजे पैसे वाचवायची युक्ती पैसे खर्च करणाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. हा माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत रोखठोक व्यापारी निर्णय आहे.

अधूनमधून इंटेलने खिडकी किलकिली केली. २०१४मध्ये पेंटियमची वीस वर्षं झाली म्हणून जी३२५८ हा दोन कोअरचा, ७२ डॉलरचा आणि गुणक मोकळा असलेला प्रोसेसर आला. मूळ गती ३.२ गिगाहर्ट्झ, पण ४.४-४.५ला अनेकांचे सहज गेले. एका कोअरपुरता तो खूप महाग चिपांच्या बरोबरीने पळत होता. मग चार थ्रेड गृहीत धरणारे गेम आले आणि त्यांतले काही दोन कोअरवर सुरूच होईनात. गती वाढवून कोअर वाढत नाहीत, हे त्या चिपेने फार स्वस्तात शिकवलं.

एएमडीने २०१७मध्ये रायझन आणताना उलट डाव टाकला. त्या वेळचे सगळे रायझन मोकळ्या गुणकाचे, आणि ओव्हरक्लॉकिंग मधल्या किमतीच्या बी३५० बोर्डवरही चालणारं. फक्त ए३२०सारख्या तळच्या बोर्डवर नाही. त्यामुळे सेलेरॉनच्या गोष्टीची छोटी पुनरावृत्ती झाली. रायझन ७मधला १७०० हा ३२९ डॉलरचा, १८००एक्स ४९९चा. दोघेही आठ कोअर, सोळा थ्रेडचे. १७००ची मूळ गती ३.० आणि १८००एक्सची ३.६. पण १७००चे सगळे कोअर ३.७-३.८वर नेले की व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात दोघांत फारसा फरक उरत नसे. १८००एक्सलाही चारच्या पुढे ढकलणं कठीण होतं, कारण छत दोघांचं एकच होतं.

मग आज काय परिस्थिती आहे? आज कंपनीच तुमच्या आधी ओव्हरक्लॉक करून मोकळी झालेली असते. याला बूस्ट म्हणतात. प्रोसेसर स्वतःचं तापमान, विजेचा प्रवाह आणि किती कोअर कामात आहेत हे सतत मोजतो आणि वाव असेल तिथवर गती स्वतःच वाढवतो. ३६००वर लिहिलेले ४.२ गिगाहर्ट्झ हे अशा बूस्टचेच आहेत आणि तेही एखाद-दुसरा कोअर कामात असताना. तुम्ही हाताने सगळे कोअर ४.२वर बांधले तर सगळ्या कोअरांच्या कामात थोडा फायदा होतो. पण सगळे ४.१च्या पुढे जात नसतील आणि तुम्ही ४.१वर बांधलेत, तर एका कोअरवर मिळणारा ४.२चा बूस्ट हातचा जातो. ब्राउझर, ऑफिसची कामं आणि बरेचसे गेम नेमके याच एका-दोन कोअरांच्या गतीवर चालतात. गती वाढवायला गेलात आणि कमी करून आलात, असंही होतं.

म्हणून हल्लीच्या रायझनवर गुणक बांधण्याऐवजी पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह वापरावं. यात प्रोसेसरची बुद्धी चालूच राहते, फक्त तिची मर्यादा तुम्ही वर सरकवता. ५००० मालिकेपासून त्याच्या जोडीला कर्व्ह ऑप्टिमायझर मिळतो. त्यात प्रत्येक कोअरला नेहमीपेक्षा कमी व्होल्टेज द्यायला सांगता येतं. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हणजे बूस्टला वाव जास्त. ओव्हरक्लॉकिंग करायचं आणि व्होल्टेज घटवायचं, हे जुन्या लोकांना उलटं वाटेल, पण मुंबईसारख्या गावात हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची. ५६००ची कमाल गती ४.४, ५६००एक्सची ४.६. पीबीओमध्ये कमाल गतीची मर्यादा २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवता येते. हिशेब तुम्हीच करा. त्यापुढच्या पिढीतले ७६०० आणि ७६००एक्स यांचंही तेच. दोघे सहा कोअरचे, ३२ एमबी कॅशचे. एकाला ६५ वॉटची मर्यादा, दुसऱ्याला १०५ची. ही मर्यादा सैल केली की धाकटा भाऊ थोरल्याच्या अगदी जवळ जातो.

आता फसण्याच्या जागा. ५५०० आणि ५६०० हे कोटेशनवर एकाखाली एक येतात आणि नावावरून सख्खे वाटतात. पण ५५००मध्ये एल-थ्री कॅश १६ एमबी आणि ५६००मध्ये ३२. शिवाय ५५००ला ग्राफिक्स कार्डासाठी जुन्या पिढीचा पीसीआय एक्स्प्रेस ३.० मिळतो, ५६००ला ४.०. ५६००जीचंही तसंच, नावात ५६०० आहे म्हणून हुरळून जाऊ नका. तिथेही कॅश १६च. गेममध्ये कॅशचा फरक थेट जाणवतो, कारण प्रोसेसरला हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली नाही की रॅमकडे जावं लागतं आणि त्या वाटेवर शेकडो ठोके नुसते वाट पाहण्यात जातात. ठोके जलद केलेत तर तो जलद वाट पाहील, इतकंच. इंटेलच्या बाजूला आय३-१२१०० चार कोअरचा आणि आय५-१२४०० सहा कोअरचा, आणि दोघांचेही गुणक बंद. तिथे विषयच मिटला.

पैसे न देता मिळणारी जी गती बहुतेक लोक सोडून देतात ती प्रोसेसरमध्ये नसतेच, रॅममध्ये असते. ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम बोर्डवर बसवली की पुष्कळदा ती २१३३ किंवा २४००वरच सुरू होते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती छापील गतीला जात नाही. असेंबल करून देणाऱ्याने घाईत हे केलेलं नसेल तर तुम्ही ३२००चे पैसे देऊन २१३३ वापरत असता. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, आकडा समोर दिसेल. दुसरं, १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या आणि बोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन खाचांतच बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, ५६००जीसारख्या चिपेच्या अंगभूत ग्राफिक्सवर गेम चालत असेल, तर या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा प्रोसेसरला कितीही पिळून पडत नाही.

आता त्या व्होल्टेजच्या किमतीकडे. प्रोसेसर किती वीज खातो याचं ढोबळ सूत्र सोपं आहे: वीज गतीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती १० टक्के वाढवली आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर वीज १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३ पट. दहा टक्के गतीसाठी तेहतीस टक्के वीज. आणि प्रोसेसरने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते.

कूलर काय करतो? तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. तो फक्त प्रोसेसर आणि खोली यांच्यातलं अंतर आटोक्यात ठेवतो. यूट्यूबवरचा परदेशी समीक्षक २१ अंशांच्या खोलीत चाचणी घेतोय असं धरा. त्याच्या कूलरने ५० अंशांचं अंतर ठेवलं, प्रोसेसर ७१वर. ओव्हरक्लॉक केल्यावर उष्णता तेहतीस टक्क्यांनी वाढली, अंतरही ढोबळमानाने तितकंच वाढून ६६-६७ झालं, प्रोसेसर ८८च्या आत. ठीक चाललंय, तो म्हणतो. आता तोच प्रोसेसर, तोच कूलर, तेच सेटिंग मे महिन्यात दादरच्या एखाद्या खोलीत आणा. कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांचं मे महिन्यातलं कमाल तापमान सरासरी ३३-३४ अंशांच्या घरात असतं. ३३ अधिक ६७, झाले शंभर. ३६००ची कमाल मर्यादा ९५ आहे. तिथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती खाली आणतो. त्याचा व्हिडिओ खोटा नव्हता. खोली वेगळी होती.

दमटपणाची भीती मात्र अनाठायी आहे. दमट हवेत आपण हैराण होतो कारण घाम वाळत नाही. प्रोसेसरला घाम येत नाही, त्याला हवेच्या तापमानाशीच मतलब. पाणी साचायला वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड व्हावी लागते आणि पंख्याचा कूलर किंवा नेहमीचा लिक्विड कूलर तिला तसं करूच शकत नाही. खरा शत्रू धूळ. रस्त्याच्या कडेच्या इमारतीत, समोर मेट्रोचं नाहीतर पुनर्विकासाचं काम चालू असेल तर हीटसिंकच्या, म्हणजे कूलरमधल्या धातूच्या, पात्यांमध्ये काही महिन्यांत राखाडी थर बसतो. दुसरा शत्रू आपलं फर्निचर. जागा वाचवायची म्हणून कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात सारायचं आणि समोरचं दारही लावायचं, ही आपल्याकडची फार जुनी सवय. आत गरम हवा तिथल्या तिथे फिरत राहते आणि प्रोसेसरच्या दृष्टीने खोली ३३ची न राहता ४०ची होते. ते दार काढून टाकणं हे मी पाहिलेलं सर्वांत स्वस्त अपग्रेड आहे.

लाईट बिलाचा बाऊ करू नये. ओव्हरक्लॉकमुळे ५० वॉट जादा जातात असं धरलं आणि दिवसाला सहा तास पूर्ण भार, तर महिन्याला ९ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर नव्वद रुपये.

करायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी काहीही न बदलता सिनेबेंच हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवून गुण लिहून ठेवा आणि त्या वेळी एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कमाल तापमान किती गेलं तेही. इथेच ८५ दिसत असेल तर पुढे जाऊ नका. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट नवी लावा, जमल्यास टॉवर कूलर घ्या. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या डावीकडे-वरती जे विजेचे भाग असतात, ज्यांना व्हीआरएम म्हणतात, त्यांच्यावर हीटसिंक आहे का ते पाहा. स्वस्त बोर्डवर ते उघडेच असतात आणि तिथे जोर लावणं बरं नाही. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, नाव नसलेल्या कंपनीचा असेल तर आधी तो बदला. एक्सएमपी चालू करा, पुन्हा मोजा. मग पीबीओ, मग कर्व्ह ऑप्टिमायझर पाच-पाच पायऱ्यांनी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघडलं कशाने ते कळत नाही. प्रत्येक बदलानंतर प्राइम९५ किंवा ओसीसीटी हे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर निदान तासभर चालू द्या. संगणक बंद पडला नाही म्हणजे सगळं ठीक असं नव्हे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA) नावाच्या चुकांची नोंद दिसली तर समजा की तो आतल्या आत चुकतोय. कर्व्ह ऑप्टिमायझरची गंमत अशी की भार असताना सगळं सुरळीत आणि रिकामा असताना, नुसतं ब्राउझर उघडलेलं असताना तो रीस्टार्ट होतो. तेव्हा दोन-चार दिवस साधा वापर हीही चाचणीच. जुन्या पद्धतीने गुणक बांधणार असाल तर ३६००-५६००सारख्या चिपांना मी कायमच्या वापरासाठी १.३ व्होल्टच्या वर नेणार नाही.

स्क्रीन काळाच राहिला तर घाबरू नका. वीज काढा, बोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जंपर पुस्तिकेप्रमाणे जोडा किंवा रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावा. सगळी सेटिंगं मूळपदावर येतात. आणि हे सगळं थंडीत केलं असेल तर मे महिन्यात एकदा पुन्हा तपासा.

प्रोसेसर जळतो का? सहसा नाही, तापला की तो स्वतःच बंद होतो. जास्त व्होल्टेजचं नुकसान हळूहळू दिसतं: पूर्वी १.२५ व्होल्टवर स्थिर असलेली गती काही काळाने १.३० मागायला लागते. हे किती खरं आहे याचा मोठा पुरावा २०२४मध्ये मिळाला, तोही ओव्हरक्लॉकिंगशिवाय. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले वरचे प्रोसेसर क्रॅश व्हायला लागले. प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता, हे कारण निघालं. ऑगस्टमध्ये इंटेलने मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेल्या चिपा त्या दुरुस्तीने बऱ्या झाल्या नाहीत. तुमच्या-माझ्या प्रयोगांना अशी उदार वाढीव वॉरंटी नसते. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि पीबीओसुद्धा एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे.

हीच गोष्ट जुना प्रोसेसर विकत घेताना लक्षात ठेवा. वापरलेला ३६०० किंवा ५६०० आता बऱ्यापैकी स्वस्तात मिळतो आणि बहुतेक वेळा तो सौदा फायद्याचा असतो. एएम४ या सॉकेटच्या, म्हणजे ३६००-५६००सारख्या, चिपांना पिना चिपेच्याच पोटाला असतात, तेव्हा आधी उलटी करून एकही पिन वाकलेली नाही ना ते पाहा. मग बायोस मूळ सेटिंगवर आणून दुकानातच दहा मिनिटं सिनेबेंच चालवायला सांगा. आणि विकणारा कौतुकाने म्हणाला, ‘साहेब, दोन वर्षं ४.४वर पळवलाय, काही झालं नाही,’ तर त्या दोन वर्षांचे पैसे किमतीतून कमी करून मागा.